खोबरेल, चुंबक आणि एक जुनं इंजिन

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून तब्येतीची चौकशीही केली. तब्येत ठणठणीत आहे. गेला दीड महिना आमच्या जेवणाच्या टेबलावर एक इंजिन उघडून पडलं होतं आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो, एवढंच कारण.

इंजिन म्हणजे खेळण्यातलं. पण नातेवाईक मंडळींना 'ते इंजिन' म्हटलं की लगेच कळेल. मामाने १९६२ च्या दिवाळीत आणलेलं. मामा बोटीवर होता, लंडनहून येताना त्याने हा खोका आणला. ट्रायँग कंपनीचं काळं, सहा चाकांचं, बुटकं टँक इंजिन, दोन डबे, रुळांचं एक वर्तुळ आणि विजेचा कंट्रोलर. इंग्लंडमध्ये या जातीच्या खऱ्या इंजिनांना लाडाने 'जिंटी' म्हणत. आकार खऱ्याच्या साधारण ७६ व्या हिश्शाएवढा, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये असलं खेळणं फक्त आमच्या घरी होतं. संध्याकाळी ओटीवर इतकी पोरं जमत की आई शेवटी दिवा बंद करायची.

आमचे अण्णा इगतपुरीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत तेव्हा १५०० व्होल्ट डीसीची तार होती. घाट चढून गाडी वर आली की विजेचं इंजिन सुटायचं आणि पुढे नाशिक-भुसावळकडे वाफेचं इंजिन लागायचं. कसारा ते इगतपुरी चढण ३७ ला १, त्यामुळे गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. अण्णांच्या हाताखालून जाणारी इंजिनं म्हणजे पुढेमागे लांब नाकं असलेली, १९२८ पासून आलेली मालगाडीची इंजिनं. साहेब लोक त्यांना क्रोकोडाइल म्हणत, आपली माणसं 'खेकडा' म्हणत. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करायचं. त्यातलं एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. अशा अवजड धुडांशी दिवसभर झुंजणारे अण्णा घरी आल्यावर त्या वीतभर इंजिनाकडे मात्र फार कौतुकाने बघायचे.

ते इंजिन दीडेक वर्ष छान पळालं आणि १९६४ च्या मे महिन्यात बिघडलं. बिघडलं म्हणजे बंद पडलं नाही. रिकामं असलं तर भर्रकन पळे, पण दोन डबे लावले की जागीच कुंथत बसे, तापे आणि जळका वास येई. अण्णांनी उघडलं तर आत खोबरेल तेल! माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तेव्हाच्या अकरा वर्षांच्या मुलाने, 'इंजिन कुरकुरतं' म्हणून त्यात आईच्या बाटलीतलं खोबरेल ओतलं होतं. अण्णांनी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि यापुढे कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही असं बजावलं. इंजिन खोक्यात गेलं, खोका माळ्यावर गेला.

पुढचं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. घरात काहीही बिघडलं, पंखा असो, रेडिओ असो, की विचारणा व्हायची, 'खोबरेल घातलं का रे?' भावाच्या लग्नात हा विनोद झाला, त्याच्या मुलीच्या लग्नातही झाला. चार वर्षांपूर्वी माझ्या सत्तरीलाही कोणीतरी केला आणि तोही हसला. तो बँकेत लागला, मोठ्या पदावरून निवृत्त झाला, पण त्याने घरात कधी साधा फ्यूजही बदलला नाही. 'मला त्यातलं कळत नाही,' म्हणतो.

आता टेबलाकडे येऊ. आमचा नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला आणि त्याने माळ्यावरून खोका काढला. त्याला हे वेड लागलं ते कोथरूडमुळे. भाऊ जोशींनी पुण्यात कोथरूडला लहान आगगाड्यांचं संग्रहालय उभं केलं, १९९८ साली ते लोकांसाठी उघडलं. नातू सहा वर्षांचा असताना मी त्याला तिथे नेलं होतं. एका खोलीत सगळं शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नल पडतायत, दिवे लागतायत. एका माणसाने आयुष्यभर जपलेला छंद असा डोळ्यांसमोर पळताना बघून मलाच भरून आलं होतं. पोरगं तर तिथून हलायला तयार नव्हतं.

तर नातवाचा बेत असा होता : जुनी मोटार काढून टाकायची, नवी बसवायची, वर डिजिटल चिप घालायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (मलाही त्यानेच सांगितलं). जुन्या पद्धतीत रुळांत बारा व्होल्टपर्यंत डीसी वीज सोडतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, प्रवाहाची दिशा बदलली की इंजिन उलटं जातं. रुळांवर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच हलतात. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनातल्या चिपला आपला नंबर असतो, ती आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकते. वर्गात हजेरी घेताना व्हायचं तसंच! शिट्टी, वाफेचा आवाज, दिवे, सगळं करता येतं.

आमच्या हिचं मत अगदी उलट. 'मामांची आठवण आहे, पुसून काचेच्या कपाटात ठेवा.' मुलाचं मत, 'बाबा, एवढ्या खटपटीत नवं येईल.' आणि माझं? खरं सांगायचं तर मला ते उघडायचंच नव्हतं. त्याचं कारण पुढे येईल.

पण सुट्टी मोठी होती आणि पोरगं चिवट. मी एकच अट घातली. बदलायचं काय ते नंतर, आधी बिघाड काय आहे ते शोधायचं. हे माझं शहाणपण नव्हे, अण्णांचं. शेडमध्ये इंजिन आलं की ते आधी नुसते भोवती फिरत, हात मागे बांधून.

मग आम्ही कामाला लागलो. या मोटारीचं नाव एक्स-झीरो-फोर. अगदी उघडी-वाघडी मोटार, सगळं डोळ्यांना दिसतं. मधे फिरणारं आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याचा कॉम्युटेटर, त्यावर स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन (आपल्या मिक्सरमध्ये असतात तेच, फक्त मुगाच्या दाण्याएवढे), आणि एका अंगाला चुंबक. आधी खोबरेल काढलं. साठ वर्षांत त्याचा पिवळा राळेसारखा थर झाला होता. स्पिरिट आणि कापसाच्या काड्यांनी दोन दिवस पुसत होतो. कॉम्युटेटरच्या फटींत साचलेली काजळी दातकोरणीने काढली. चाकांच्या कडा घासल्या, कारण वीज रुळांतून चाकांमार्फतच वर येते. रविवार कारंजाजवळच्या एका घड्याळवाल्याने त्याच्या बाटलीतलं थेंबभर तेल दिलं, पैसे घेतले नाहीत. कार्बन झिजले होते, ते आणि त्यांची स्प्रिंग मागवली. इंग्लंडमध्ये या मोटारीचे सुटे भाग आजही मिळतात, ही मला फार बरी वाटलेली गोष्ट.

सगळं जोडलं, वीज सोडली. इंजिन पळालं! ही स्वयंपाकघरातून धावत आली. मग डबे लावले, आणि साठ वर्षांपूर्वीसारखंच झालं. कुंथलं, तापलं, तोच वास. तो वास आल्याबरोबर मी तेरा-चौदा वर्षांचा झालो.

नातवाने मीटर लावला. मोटार पाऊण अँपिअरहून जास्त वीज ओढत होती. 'आजोबा, तेल तर गेलं. मग हे का?' तो बराच वेळ विचार करत बसला आणि मग टाचण्यांची डबी घेऊन आला. चुंबक सोडवून टाचण्यांत धरला. चार टाचण्या चिकटल्या, त्यातली एक पडली. 'चुंबक गेलाय. म्हणून मोटारीत जोर नाही, म्हणून ती जास्त वीज खाते, म्हणून तापते.' आणि मग त्याने सहज विचारलं, 'हा कधी कोणी बाहेर काढून ठेवला होता का? जुन्या जातीचे चुंबक लोखंडाच्या पकडीतून बाहेर काढून ठेवले की त्यांची शक्ती उतरते.'

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत चुंबकांच्या लाकडी पेटीत टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावून ठेवलेल्या असत. पस्तीस वर्षं मी त्या कपाटाशेजारून मराठीच्या तासाला जात होतो. त्या पट्ट्या कशासाठी, हे कधी विचारलं नाही.

मंडळी, तो चुंबक मी काढला होता.

भावाने तेल घालण्याच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. अण्णा ड्यूटीवर, आई दुपारी झोपलेली. मी अण्णांचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन इंजिन उघडलं, चुंबक काढला आणि दुपारभर ओटीवर खिळे आणि चुका उचलत बसलो. अण्णांची चाहूल लागली तेव्हा तो खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत बसवला. इंजिन पळालं, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. पण त्यात कसलीशी कुरकुर आली होती. ती कुरकुर ऐकूनच त्या बिचाऱ्याने खोबरेल घातलं. तो बिघडवत नव्हता. तो दुरुस्त करत होता.

अण्णांनी त्याला मारलं तेव्हा मी दारात उभा होतो. इंजिन उघडलं होतं हे मला माहीत होतं. त्यानेच ते बिघडलं हे मात्र माहीत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. तेलानेच बिघडलं असं मी स्वतःला समजावलं आणि ते पटवून घेणं सोयीचंही होतं. पण 'आधी मी उघडलं होतं' एवढं एक वाक्य मी बोलू शकलो असतो. ते बोललो नाही. साठ वर्षांत बोललो नाही आणि खोबरेलाच्या विनोदाला सगळ्यांबरोबर हसत आलो. खोका माळ्यावरून काढायला माझं मन का घेत नव्हतं, ते आता कळलं असेल.

म्हणून हा लेख. जुन्या वस्तूंबद्दल आपण दोनच गोष्टी करतो. एक तर त्या काचेआड ठेवतो, नाही तर 'अपग्रेड' करतो. मला वाटतं, दोन्हींत बिघाडाची चौकशी टळते. मध्यंतरी आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. आलेल्या माणसाने झाकणही न काढता सांगितलं, 'बोर्ड बदलावा लागेल.' बोर्ड बदलला, मशीन चालू झालं, बोर्डाला काय झालं होतं ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही. तसंच नातवाच्या पहिल्या बेताप्रमाणे नवी मोटार घातली असती तर इंजिन झकास पळालं असतं आणि खोबरेलाचा आरोप कायम राहिला असता. उलट, जुन्या मोटारीवर तशीच चिप बसवली असती तर ती चिपच जळण्याची भीती होती, कारण या लहान चिपांना फार वीज सोसत नाही. आणि हिच्या म्हणण्याप्रमाणे कपाटात ठेवलं असतं तर साठ वर्षं माळ्यावर होतं ते आता दिवाणखान्यात आलं असतं, एवढाच फरक.

मास्तर म्हणूनही मला हे लागलं. वर्गात काही मोडलं की मी काय करायचो? ज्याच्या हातात सापडलं त्याला उभा करायचो. शेवटचा हात कोणाचा, तो गुन्हेगार! हीच आमची न्यायपद्धत. त्याआधी त्या बाकाला, त्या खिडकीला किती हात लागून गेले ते कोण बघतो? माझ्या हातून अशी किती 'खोबरेलं' झाली असतील, त्यांचा हिशेब आता लागणं शक्य नाही.

कोणी म्हणेल, मग सुधारणा करूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. आपल्या नाशिकरोडला, एकलहऱ्याच्या वाटेवर, रेल्वेचा कारखाना आहे. तिथे विजेच्या इंजिनांच्या मोटारींची दुरुस्ती होते. अण्णांच्या काळच्या मोटारींना कार्बन असत, ते झिजत, बदलावे लागत. नव्या थ्री-फेज इंजिनांच्या मोटारींना कार्बनच नाहीत. अण्णा असते तर त्यांना आनंदच झाला असता. इगतपुरीची १५०० व्होल्टची तारही गेली, २०१५ पर्यंत थेट मुंबईपर्यंत २५,००० व्होल्ट एसी झालं. ज्याला माणसं न्यायची आहेत त्याने बदललंच पाहिजे. 'फेअरी क्वीन' हे १८५५ सालचं वाफेचं इंजिन कित्येक वर्षं नुसतं बघायला ठेवलेलं होतं, तेसुद्धा १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आणलंच की. जुनं म्हणजे हात लावायचा नाही, असं नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की काय बिघडलं ते कळल्यावर जेवढं बदलावं लागतं तेवढंच बदलावं आणि काढलेलं फेकू नये.

आम्ही तेच केलं. मोटार तीच ठेवली, फक्त चुंबक बदलला. हल्ली निओडिमियमचे छोटे चुंबक मिळतात, नखाएवढे पण जबरदस्त जोराचे. त्यांची चवड करून जुन्या चुंबकाच्या जागी बसवली. पहिल्यांदा टोकं उलटी लागली आणि इंजिन पुढे म्हटलं की मागे जाऊ लागलं. आम्ही इतके हसलो की ही परत धावत आली. मग सुलटं केलं तर जोर एवढा झाला की हळू चालवताना ते अडखळायला लागलं. एक चुंबक काढून त्या जागी लोखंडाचा तुकडा घातला. आता मीटर पूर्वीच्या निम्म्यावर आहे आणि दोन्ही डबे घेऊन इंजिन सोफ्याखालून आरामात फिरतं. जुना चुंबक कागदात गुंडाळून, तारीख घालून खोक्यातच ठेवलाय.

चिपचं नातवावर सोडलंय. या मोटारीत एका कार्बनची वीज इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यातून येते, चिप बसवायची तर ती सांगाड्यापासून वेगळी करावी लागते. एका स्प्रिंगच्या पायाला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा घातला तरी भागतं, असं तो म्हणतो. मग घाल. कापाकापी नको, उद्या कोणाला परत काढावीशी वाटली तर काढता आली पाहिजे. शिट्टीला माझी हरकत नाही. मामालाही आवडली असती.

आता शेवटचं. हा लेख टाकण्याआधी भावाला ठाण्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाला, 'दादा, म्हणजे तेलाने काही झालं नव्हतं?' मी म्हटलं, 'नव्हतं रे.' परत थोडा वेळ गेला. 'अण्णांना कळायला हवं होतं,' एवढंच म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. रागावला का, तेही कळलं नाही. रागावला असेल तर त्याचा हक्क आहे.

पुढच्या महिन्यात तो चार दिवस आमच्याकडे येतोय. इंजिनाचे मागचे दोन स्क्रू मुद्दाम सैल ठेवले आहेत. ते त्याने आवळायचे आहेत, आवळले तर. आणि नातेवाईक मंडळींना विनंती, यापुढे खोबरेलाचा विनोद करायचा झाला तर तो माझ्यावर करावा.